रोज प्रार्थना करूनही देव जवळचा का वाटत नाही?

तुम्ही म्हणता, रविवारची चर्चमधली उपासना चुकत नाही, प्रभूची प्रार्थना पाठ आहे, तरी देव लांबच. मला वाटतं, तुम्ही देवाशी फार जपून बोलता, साहेबासमोर अर्ज वाचावा तसं.

बायबलमधलं स्तोत्र १३ उघडा. ‘कोठवर?’ असं दावीद परमेश्वराला तोंडावर विचारतो, तेही चारदा. तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच. योहान १५:१५ मध्ये येशू शिष्यांना दास नव्हे, मित्र म्हणतो, मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर त्याला माउली म्हणत. मग माउलीपुढे भीड कसली?

आमच्या जालन्याकडच्या एक आजी सोयाबीन निवडता निवडता बोलतात, “प्रभू, भाव पडला रे, पोरीची फी कशी भरू?” मधेच कोंबडीला हाकलतात, पुन्हा सुरू. डोळे उघडेच.

प्रार्थनेसाठी मत्तय ६:६ मधलं ‘दार लावून घे’ दोन खोल्यांच्या घरात कुठून जमणार? शेताच्या बांधावर जा. मार्काच्या शुभवर्तमानातून चार ओळी वाचा, मग मनातलं बोला, थोडं गप्प बसा. काही दिवस कोरडे जातील, त्याचा फार हिशेब ठेवू नका. आणि कुणाशी भांडण असेल तर मत्तय ५:२४ प्रमाणे आधी ते मिटवा. बरेचदा गाडी तिथंच अडलेली असते.