पाच कंपन्यांचे रोखे, पण ऋणको किती?

प्रश्न: निवृत्तीची रक्कम मी पाच कंपन्यांच्या रोख्यांत सारखी विभागली. त्यातल्या एकीने व्याज थकवलं. आता मुद्दल तीन वर्षं पुढे ढकलायला संमती मागणारं पत्र आलंय. सही करू का? बाकीचे चार रोखे तरी सुरक्षित आहेत ना?

उत्तर: आधी दुसरा प्रश्न घेतो, खरी मेख तिथंच आहे. तुम्ही पाठवलेली पाचही माहितीपत्रकं वाचली. व्याज थकवणारी 'अ' ही 'ब'ची मालक कंपनी आहे आणि 'क'च्या रोख्यांना हमी 'अ'चीच आहे. म्हणजे तुमचा साठ टक्के पैसा एकाच घराण्यात अडकलाय. नावं वेगळी म्हणून ऋणको वेगळे होत नाहीत.

त्यातही तिघींची गत सारखी नाही. 'क'ची हमी आता नावापुरतीच. तिची स्वतःची कमाई किती, तेवढंच बघायचं. 'ब'चं मात्र लोकांना वाटतं त्याच्या उलट असू शकतं. कारखाना आणि जमीन 'ब'च्या नावावर आहे, त्यामुळे त्यातून आधी 'ब'चे धनको भागतात आणि उरलंसुरलं भागधारक म्हणून 'अ'कडे जातं. अट एकच, 'ब'ने 'अ'च्या बँककर्जाला उलटी हमी दिलेली नसावी. दुसरं, 'ब' आणि 'क'च्या करारात क्रॉस-डिफॉल्टचं कलम, म्हणजे एकीने थकवलं की दुसरीनेही थकवलं असं धरण्याची अट, आहे का ते तपासा. असेल तर 'अ'ची थकबाकी त्यांच्याही दारात उभी राहील.

आता सही. घाईने करू नका, पण पत्र बाजूलाही टाकू नका. रोख्यांना कोणत्या देशाचा कायदा लागू आहे, ते आधी शोधा. इंग्लिश कायद्याखालच्या रोख्यांत बहुधा सभेतल्या ७५ टक्के मतांनी झालेला ठराव गैरहजर धारकांवरही बंधनकारक असतो. अमेरिकेत १९३९ च्या ट्रस्ट इंडेंचर कायद्याखाली येणारे रोखे असतील, तर तुमच्या संमतीशिवाय तुमच्या मुद्दलाची तारीख सहसा हलवता येत नाही. एकट्याने दावा लावायचा विचारही तूर्त सोडा. बहुतेक करारपत्रांत ते काम विश्वस्ताचं, म्हणजे सगळ्या धारकांच्या वतीने काम पाहणाऱ्याचं असतं आणि त्याला भाग पाडायला साधारण २५ टक्के धारक एकत्र यावे लागतात. म्हणून पहिलं पत्र विश्वस्ताला लिहा. विचारा: मुदतवाढीच्या बदल्यात तारण मिळणार का, लाभांश थांबणार का आणि बँकाही थांबणार आहेत का? बँकांना नवं तारण आणि तुम्हाला नुसता धीर, असा बेत असेल तर माझं मत नकाराचं.

पाचवा रोखा बँकेचा आहे म्हणून निश्चिंत दिसता. तो 'एटी-१' प्रकारचा आहे, म्हणजे बँक अडचणीत आली की त्याचं मुद्दल बुडीत धरता येतं. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्वीसचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे असे रोखे शून्यावर आणले गेले, आणि भागधारकांच्या हाती मात्र थोडं का होईना पडलं. कोर्टकज्जे झाले, पण म्हातारपणीच्या पुंजीला असला थरार कशाला?

विकायचं असेल तर धारकांच्या समितीवर जाण्याआधी ठरवा. तिथं कंपनीची अप्रकाशित माहिती कानावर पडली की व्यवहार करायला हात बांधले जातात.

विश्वस्त करारपत्रातलं हमीचं पान आणि संमतिपत्रावरची शेवटची तारीख एवढं मला कळवा.