वाचकांचे प्रश्न: एकटी आई, दोन मुलं आणि पाच बॅगा

प्रश्न: ताई, मी नॉर्थ कॅरोलायनात रॅलीला राहते. डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच एकटी मुलांना घेऊन भारतात येतेय. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, मुलगी नऊ महिन्यांची. नवऱ्याला सुट्टी मिळत नाहीये. रॅलीहून नेवार्क, तिथून थेट मुंबई आणि मग सासरे गाडी घेऊन येतील, साताऱ्याला जायचंय. तिकिटावर माझ्या दोन, मुलाच्या दोन आणि बाळाची एक अशा पाच मोठ्या बॅगा चालतात, आणि सगळ्यांसाठी काही ना काही घेतलंय तर पाचही भरूनच न्याव्यात असं घरात चाललंय. वर स्ट्रॉलर, कार सीट आणि केबिन बॅग. मला आत्तापासून रात्री झोप लागत नाहीये, हे सगळं एकटीने कसं ओढायचं?

उत्तर: पाच बॅगा नेऊ नकोस गं. हे मी आधीच सांगून टाकते कारण बाकी सगळं याच्यावरच अवलंबून आहे. एअरलाइन किलोत मोजते, तू हात मोजायचे. बाळ पोटाशी कॅरियरमध्ये, पाठीवर बॅकपॅक, एका हातात मुलाचा हात, म्हणजे उरला एक हात. त्या एका हाताला जे झेपेल तेवढंच तुझं सामान.

विमानातले चौदा-पंधरा तास लोकांना अवघड वाटतात पण तिथे निदान सामान तुझ्या हातात नसतं, दार बंद असतं आणि मूल कुठे पळून जाऊ शकत नाही. खरी कसोटी लागते ती मुंबईला बेल्टपासून बाहेरच्या दारापर्यंत. ट्रॉली आणि स्ट्रॉलर एकाच वेळी ढकलता येत नाहीत, ही एवढी साधी गोष्ट निघायच्या आधी कुणाच्याच डोक्यात येत नाही. बऱ्याच एअरपोर्टच्या ट्रॉल्यांचं हँडल दाबून धरलं तरच ब्रेक सुटतो, म्हणजे ट्रॉलीला दोन्ही हात लागतात. मग मुलाचा हात कोण धरणार? म्हणून मुंबईत बाळ कॅरियरमध्ये, स्ट्रॉलर घडी घालून ट्रॉलीवर आणि मुलाला सांगायचं की ट्रॉलीची ही दांडी तुझी, ही सोडायची नाही. घरी दुकानातल्या कार्टवर दोन-तीन आठवडे हा सराव करून घे, साडेतीन वर्षांच्या मुलाला असं काम दिलेलं आवडतं आणि तो ते मनापासून करतो.

मी स्वतः मुलगा चार वर्षांचा आणि मुलगी एक वर्षाची असताना मुंबईहून डेट्रॉइटला एकटी गेले होते. मधल्या एअरपोर्टवर विमानाच्या दाराशी स्ट्रॉलर परत मिळेल असं मला सांगितलं होतं, तो मिळाला नाही, तो बेल्टवर येईल म्हणाले. कॅरियर मी मोठ्या बॅगेत टाकून चेकइन केला होता कारण स्ट्रॉलर असताना तो कशाला लागेल असं वाटलं. मुलगी कडेवर, मुलगा झोपेतून उठवल्यामुळे रडतोय आणि जमिनीवर बसलाय, हातात तीन बॅगा आणि समोर ते न संपणारं कॉरिडॉर. एक गुजराती आजी मागून आल्या, त्यांनी काही न विचारता माझी केबिन बॅग घेतली आणि इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत माझ्याबरोबर चालल्या. त्यांचं नावही मी विचारलं नाही याची मला अजून चुटपुट लागते. तेव्हापासून माझं ठरलेलं आहे, कॅरियर अंगावर हवा, बॅगेत नाही. स्ट्रॉलर गेटवर दिला की तो दाराशी येतो की बेल्टवर हे त्या त्या एअरपोर्टवर असतं, म्हणून देताना दोनदा विचार आणि टॅगचा फोटो काढून ठेव.

आता बॅगा. तीन ने. मोठ्या तिन्ही एकाच मापाच्या असल्या तर ट्रॉलीवर नीट बसतात. तेवीस किलो चालतं म्हणून तेवीस भरू नकोस, अठरा-एकोणीसवर थांब, कारण बाळ पोटाशी बांधलेलं असताना ती बॅग बेल्टवरून तुलाच उचलायची आहे. तिन्हींच्या हँडलला एकाच भडक रंगाची पट्टी शिवून टाक, जुन्या साडीचा काठ चालेल, मुलालाही ती लांबून ओळखता येते. बेल्टपाशी घाई करायची नाही. गर्दी ओसरू दे, बॅग फिरून परत येते. शेजारच्या माणसाला सरळ सांग, दादा, ती लाल पट्टीवाली उतरवून द्याल का. आपल्या बायका मागायला फार लाजतात आणि पाठ धरली की महिनाभर सोसतात.

चाकांची केबिन बॅग आणूच नकोस. तिला एक अख्खा हात लागतो आणि विमानात ती वर ठेवायला दुसऱ्याची मदत लागते. त्याऐवजी मोठं तोंड असलेला एक बॅकपॅक घे. बासिनेट, म्हणजे विमानातला बाळाचा छोटा पाळणा, मागितला असशील तर तुझी सीट पहिल्या रांगेत येईल, तिथे समोर सीट नसते, म्हणजे टेकऑफ आणि लँडिंगला पायाशी काहीच ठेवू देत नाहीत, सगळं वर जातं. नेमकं त्याच वेळी बाळाला दूध हवं असतं. म्हणून गळ्यात एक छोटी आडवी बॅग ठेव, बोर्डिंगनंतर त्यातल्या वस्तू सीटच्या खिशात काढायच्या: बाटली, एक डायपर, थोडे वाइप्स झिपलॉकमध्ये, एक दुपटं, मुलासाठी राजगिऱ्याचा लाडू. पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि ओसीआय कार्डं (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतात ती) याच बॅगेत मागच्या कप्प्यात, आणि त्या कप्प्यात दुसरं काहीही नाही. नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र पण तिथेच ठेव, मूल एका पालकाबरोबर असेल तर असं पत्र जवळ ठेवा असं अमेरिकेचं कस्टम्स खातंच सांगतं.

बॅकपॅकमध्ये कपड्यांच्या पुड्या कर. एका झिपलॉकमध्ये बाळाचा एक पूर्ण जोड, आतले कपडे, एक डायपर, एक रिकामी पिशवी घाणेरड्या कपड्यांसाठी. अशा चार पुड्या बाळाच्या, दोन मुलाच्या आणि एक तुझी. तुझी विसरू नकोस, बाळ उलटी करतं ते तुझ्याच अंगावर, आणि मग बारा तास त्या वासात बसायचं म्हणजे नको वाटतं. विमानातल्या टॉयलेटमध्ये अख्खी बॅग घेऊन कधीच जाऊ नये, तिथे वळायला जागा नसते, एक पुडी उचलायची आणि जायचं. डायपर दर दोन तासाला एक धर आणि वर सहा-सात. पॉवर बँक हातातल्याच सामानात ठेव, चेकइन बॅगेत चालत नाही. दूध, फॉर्म्युला, बाळाचं पातळ खाणं अमेरिकेच्या सिक्युरिटीला शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त चालतं, फक्त बाहेर काढून आधी सांगायचं. स्ट्रॉलर घडी करून एक्सरेच्या पट्ट्यावर जातो, तो सगळ्यात शेवटी टाक म्हणजे बाकीचं सामान जाईपर्यंत मुलगा त्यात बसून राहील. मुलाला स्वतःची बॅग देणार असशील तर इतकी हलकी दे की ती तुझ्या गळ्यात आली तरी कळणार नाही, कारण ती येणारच.

कार सीट मात्र सोडू नकोस पण तिथून उचलूनही आणू नकोस. मुंबई ते सातारा अडीचशे किलोमीटर आहे, बाळाला मांडीवर घेऊन तो रस्ता करायचा नाही. सासऱ्यांना सांग की आधीच पुण्यातून विकत घ्या किंवा कुणाकडून आणा आणि गाडीत बसवूनच या.

परतीचा प्रवास जास्त जड आहे. जाताना बॅगा रॅलीला दिल्या की थेट मुंबईला मिळतात, येताना मात्र नेवार्क हा अमेरिकेतला पहिला एअरपोर्ट म्हणून तिथे सगळ्या बॅगा बेल्टवरून घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या, पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या आणि पुन्हा सिक्युरिटी करायची. पंधरा तासांच्या प्रवासानंतर, मुलांची रात्र की दिवस ते कळत नसताना. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ट्रॉलीला पैसे पडतात, कार्ड हाताशी ठेव. मधला वेळ तीन तासांपेक्षा कमी असेल तर तिकीट बदलता येतं का बघ. आणि येताना तीनच्या दोन बॅगा कर.

प्रश्न: आमची लेक दोन लहान मुलांना घेऊन एकटी येते आहे, आम्ही दोघं मुंबईला घ्यायला जाणार. आत बेल्टपर्यंत जाऊन तिला मदत करता येईल का? आणि परत जाताना तिला मसाले, लोणचं, खोबरं, बाळंतविड्याचं राहिलेलं सगळं द्यायचं आहे, ते कसं बांधावं?

उत्तर: काकू, आत जाता येत नाही. मुंबईला प्रवासी सोडून बाकी सगळ्यांना बाहेरच थांबावं लागतं आणि निघतानासुद्धा तिकीट-पासपोर्ट बघून दारातूनच सीआयएसएफचे जवान प्रवाशाला आत घेतात. पण तुम्ही एक करू शकता, तिच्यासाठी पैसे भरून एअरपोर्टची मदतनीस सेवा आधीच बुक करा, मुंबईत ती प्रणाम नावाने मिळते. माणूस आत भेटतो, इमिग्रेशनपासून बेल्टपर्यंत बरोबर असतो आणि ट्रॉली तोच ढकलतो. त्यात पोर्टर धरलाय ना तेवढं बुक करताना विचारून घ्या. तुम्ही तिच्या मुलांसाठी जे सोन्याचं वळं-बिंदली घेणार असाल त्यापेक्षा त्या दिवशी तिला हे जास्त मोलाचं वाटेल, हे मी अनुभवाने सांगते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित, तरी सांगते. सुकं खोबरं देऊ नका, त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात बंदी आहे, बॅग उघडायला लावतात आणि तेव्हा तिच्या कडेवर मूल असतं. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत नको. ताजा कढीपत्ता, आंबे, कुठलंही ताजं फळ अमेरिकेत नेता येत नाही, आणि खाण्याचं जे काही नेतो ते तिथे उतरल्यावर सांगावं लागतं, लपवलं तर दंड होतो. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी हे चालतं, कोरडं असतं, हलकं असतं. आईने प्रेमाने दिलेलं नको कसं म्हणायचं म्हणून पोरी गप्प बसतात आणि ओझं नेतात. तिने तोंडाने मागितलं तेवढंच द्या. आणि ती येते आहे तेव्हा तिकडून काय काय आण याची यादी तर अजिबात पाठवू नका, तुमच्या जावेलाही सांगा.

प्रश्न: मी नागपूरला असते, दीड वर्षाची जुळी मुलं आहेत. पुण्याला बहिणीकडे दीड तासाचा विमानप्रवास, एकटीने जमेल का? सामान फार नाही.

उत्तर: जमेल, पण तिकीट काढताना एक गोष्ट बघ. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच मूल बसवता येतं, दुसऱ्यासाठी वेगळी सीट घ्यावी लागते. दीड वर्षाच्या मुलाला सीटवर कसं बसवायचं याचे नियम एअरलाइनचे वेगवेगळे असतात म्हणून फोन करून विचारूनच बुकिंग कर.

सामानाचं म्हणशील तर देशातल्या विमानात साधारण पंधरा किलो चेकइन आणि सात किलो हातात. तू सगळं चेकइनला टाक, हातात फक्त एक बॅकपॅक. जुळ्यांचा रुंद स्ट्रॉलर नको गं. आपल्याकडे कित्येकदा विमान लांब उभं असतं, बसने जावं लागतं आणि मग शिडी चढायची. तिथे तो स्ट्रॉलर घडी कोण घालणार आणि दोन मुलं तेवढ्यात कोण धरणार? एक पुढे कॅरियरमध्ये, एक हाताशी किंवा कडेवर, आणि गेटवरच्या माणसाला आधीच सांगून ठेव की शिडीवर मदत लागेल. बसमध्ये उभ्याने प्रवास करू नकोस, बसायला जागा मागून घे. जमलं तर बहिणीला सांग, डायपर, दूध, खुर्ची, बादली-टब सगळं तिथे तयार ठेव, म्हणजे तुझी बॅग अर्धी होते.

प्रश्न: मागच्या महिन्यात माझी एक बॅग आलीच नाही, त्यात बाळाचं सगळं होतं. थकलेली होते, मुलं रडत होती, म्हणून मी तशीच घरी आले आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. आता ते म्हणतात तक्रार एअरपोर्टवरच करायला हवी होती. बॅग चौथ्या दिवशी आली पण फाटलेली. काही करता येईल का?

उत्तर: करता येईल, आधी तारखा बघ. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू असतो, भारत त्यात २००९ पासून आहे. बॅग मिळाल्यापासून फाटल्या-तुटल्याची तक्रार सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत लेखी द्यायची असते. म्हणजे तुझे सात दिवस संपले असतील तरी एकवीस कदाचित बाकी असतील. आजच ईमेल कर, बॅगेचा टॅग, बोर्डिंग पास आणि त्या चार दिवसांत बाळासाठी जे कपडे, दूध, डायपर घ्यावे लागले त्यांची बिलं जोड.

पुढच्या वेळी मुलं रडत असली तरी बेल्टजवळच्या काउंटरवर थांबून तो तक्रारीचा कागद घ्यायचाच, त्याला पीआयआर म्हणतात, त्यावरचा नंबर असला की पुढचं सगळं सोपं जातं. आणि बाळाचं सगळं एका बॅगेत कधी भरू नकोस, प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचं थोडं थोडं घालायचं, म्हणजे एक हरवली तरी कुणीच अगदी उघडं पडत नाही. निघताना बॅगा उघड्या ठेवून आत काय आहे त्याचा फोनवर फोटो काढ, दोन मिनिटं लागतात. औषधं आणि बाळाचं दूध मात्र कायम हातातच.