मॅडम, वन-टेल्ड घेतली तर चालेल ना?

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की संशोधक विद्यार्थी माझ्याकडे समुपदेशनाला येतात. तक्रार झोपेची असते, पण थोडं बोलतं केलं की आतून बहुधा हाच प्रश्न निघतो. वन-टेल्ड म्हणजे फरक ठरवलेल्या एकाच दिशेने आहे का हे बघणारी संख्याशास्त्रीय चाचणी; टू-टेल्ड दोन्ही दिशा बघते.

अशाच एक शिक्षिका (ओळख पुसली आहे) विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातून थेट आल्या. पुण्यातल्या एका शाळेत कृतीतून गणित शिकवण्याचा प्रयोग, प्रायोगिक आणि नियंत्रित (तुलनेसाठीच्या) गटात ३०-३० मुलं. टी मूल्य, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाच्या चढउताराच्या मानाने किती मोठा ते सांगणारा आकडा, आलं १.८४. आराखड्यात टू-टेल्ड लिहिलेली, म्हणजे ०.०५ स्तरावर (चुकीने फरक 'आहे' म्हणण्याची ५ टक्के मुभा) ओलांडायचं सारणीतलं मूल्य २.००. वन-टेल्ड केली की तेच १.६७ वर येतं आणि निकाल सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, ठरतो. वहीत त्यांनी १.६७ भोवती एवढ्या वेळा पेन गिरवलं होतं की कागद फाटायला आला होता.

"मुलं पुढे जाणार हे मला आधीपासून वाटतच होतं. मग दिशादर्शक परिकल्पनाच, म्हणजे फरक कुठल्या बाजूला हे आधीच सांगणारी, बरोबर ना?"

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. समोरच्याला उत्तर ठाऊक असतं, आपण प्रश्न नेमका विचारायचा, या मताची मी आहे.

"समजा, तुमची मुलं मागे पडली असती, तर?"

"तर तसं लिहिलं असतं. शाळेला सांगावंच लागलं असतं, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा मुलांचंच नुकसान." मग बराच वेळ गप्प. "म्हणजे मला दोन्ही बाजू बघायच्याच होत्या. आता एक झाकायला निघालेय."

संख्याशास्त्राच्या तासाला न कळलेलं या एका प्रश्नाने कळतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

वन-टेल्ड वाईट नाही. पाकिटात छापील वजनापेक्षा कमी माल भरतात का, एवढंच वजनमापाच्या निरीक्षकाला बघायचं असतं. जास्त भरला तर त्याला काही करायचं नाही. तिथे ती शोभते. मात्र तसं आकडे हाती येण्याआधी ठरवून आराखड्यात लिहायचं. कल बघून दिशा धरली, तर खरा फरक नसतानाही 'आहे' म्हणण्याची जी शक्यता आपण ५ टक्के सांगतो, ती प्रत्यक्षात १० टक्के होते. आणि निकाल सार्थक आला नाही म्हणून पीएचडी जात नाही, हेही कुणीतरी सांगायला हवं.

बाईंनी टू-टेल्डच ठेवली. 'फरक सार्थक नाही' असं लिहून खाली सरासरीतला फरक २.३ गुण आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज) –०.२ ते ४.८ दिलं. पुढच्या अभ्यासात मोठा नमुना घ्यावा, ही शिफारसही त्यांचीच. ते पान गाइडना दाखवायला मात्र त्यांना आणखी एक आठवडा लागला.