एच-इंडेक्स 31 असलेले सर की 12 असलेल्या मॅडम? पीएचडीचा गाईड कसा निवडावा?

तुम्ही विचारलंय की मुलीला मुंबईत व्हायरॉलॉजीत पीएचडी करायची आहे आणि दोघं जण तिला घ्यायला तयार आहेत. सरांचा एच-इंडेक्स 31, मॅडमचा 12. हे आकडे परीक्षेच्या मार्कांसारखे धरायचे का?

मी परळच्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात 21 वर्षं आहे. बढतीच्या फायली निघाल्या की शास्त्रज्ञांच्या पेपरांची यादी आणि सायटेशनचे आकडे, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत त्यांचा संदर्भ किती वेळा दिला ते, आम्हीच काढून देतो. त्या अनुभवावरून सांगते, मार्कांसारखे धरू नका.

एच-इंडेक्स म्हणजे काय ते आधी बघू. 2005 साली होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी तो सुचवला. समजा, एखाद्याचे पाच पेपर आहेत आणि त्यांना 90, 40, 6, 4, 1 अशी सायटेशन्स आहेत. निदान चार सायटेशन्स असलेले चार पेपर सापडतात, म्हणून एच-इंडेक्स 4. दुसऱ्याचे पाच पेपर 12, 11, 10, 9, 8 असे असले, तर त्याचा 5. पहिल्याची एकूण सायटेशन्स 141, दुसऱ्याची 50, तरी इंडेक्स दुसऱ्याचा जास्त. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, आपोआप कमी कधीच होत नाही. सर पंचावन्नचे आणि मॅडम चाळिशीच्या असतील, तर निम्मा फरक तिथेच आला.

व्हायरॉलॉजीत त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणूस कुठल्या विषाणूवर काम करतो. चांदीपुरा व्हायरसचं बघा. विदर्भातल्या चांदीपुरा गावच्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून 1965 साली तो वेगळा केला गेला. काम पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं (एनआयव्ही). भट्ट आणि रॉड्रिग्ज यांचा पेपर 1967 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. नागपूरजवळच्या एका गावातल्या तापाची जगाला काय पडलेली असणार? मग 2003 मध्ये आंध्र प्रदेशात लहान मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचा अहवाल छापून आला: 329 मुलं आजारी पडली, 183 दगावली. कारण म्हणून त्यात चांदीपुराचंच नाव होतं. तेव्हापासून या विषाणूवर लिहिणाऱ्याला त्या जुन्या पेपरपाशी जावंच लागतं. 2024 मध्ये गुजरातेत साथ आली तेव्हाही तेच. 1980 साली त्या दोघांचं मोल कोणी सायटेशन मोजून ठरवलं असतं, तर ते किती चुकीचं ठरलं असतं! हे मला मनापासून वाटतं, कारण असे शांतपणे काम करणारे लोक मी रोज बघते.

याची दुसरी बाजू कोरोनाची. 2020 मध्ये त्या विषयावर आलेल्या साध्यासुध्या पेपरांनाही भराभर सायटेशन्स मिळाली. गुगल स्कॉलरवर, म्हणजे गुगलच्या संशोधन-पेपर शोधायच्या साइटवर, सरांचं पान उघडा. उजवीकडे वर्षावर्षाच्या उभ्या पट्ट्या दिसतील. 2020-21 ला एकदम उंच आणि आधी-नंतर बुटक्या असतील, तर ती उंची साथीची आहे. मॅडमच्या पट्ट्या दरवर्षी थोड्या थोड्या चढत असतील, तर मला त्या जास्त आवडतील.

ते पान डोळे झाकून खरं मानू नका. गुगल स्कॉलर नावावरून पेपर गोळा करतं. एकदा मी एका विषाणूशास्त्रज्ञांची यादी तपासत होते, आडनाव पाटील, आद्याक्षर एस. मध्येच कापडाच्या रंगांवरचे नऊ पेपर निघाले. कुठल्या तरी रसायनशास्त्रज्ञाचे होते. त्या बिचाऱ्या विषाणूशास्त्रज्ञांना स्वतःलाही पत्ता नव्हता. ते काढल्यावर एच-इंडेक्स 4 ने उतरला. म्हणून स्कोपस या सायटेशनच्या दुसऱ्या डेटाबेसवरचा आकडा सोबत बघा. तो बहुतेक वेळा कमीच दिसतो.

नावांचा क्रमही बघा. आमच्या शाखेत पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. शंभर लेखकांच्या पेपरात साठावं नाव असलं, तरी सायटेशन्स पूर्ण मोजली जातात.

एक गोष्ट अजून सलते. एका निवड समितीसाठी मी 14 उमेदवारांचा तक्ता करून दिला होता. समितीने एच-इंडेक्सच्या रकान्यावर क्रम लावला आणि वरच्या पाच जणांना बोलावलं. सहाव्या होत्या त्या बाई, ज्यांनी वाढवून ठेवलेल्या पेशी आमच्या अख्ख्या मजल्यावरचे विद्यार्थी मागून नेत. पेशी दिल्याबद्दल पेपराच्या शेवटी आभाराची एक ओळ येते आणि ती सायटेशनमध्ये धरत नाहीत. तक्ता माझ्याच हातचा होता, पण त्यात ही गोष्ट लिहायला रकानाच नव्हता.

आता तुमच्या मुलीने काय करावं? दोघांचे गेल्या तीन वर्षांतले दोन-दोन पेपर, ज्यांत त्यांचं नाव शेवटी आहे, ते पूर्ण वाचावेत. मग त्यांना साइट करणारा एखादा पेपर उघडून ते वाक्य शोधावं. ‘यांची पद्धत वापरून’ असं असेल तर उत्तम. पंधरा नावांच्या कंसात एक नाव असेल, तर फारसं काही नाही. त्यानंतर शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, दोघांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधा. जोडलेल्या पेपरांत पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, आणि नोंदणीपासून प्रबंध जमा करेपर्यंत किती वर्षं गेली, एवढं टिपून ठेवा. शेवटी सर नसताना आणि मॅडम नसताना, दोन्ही लॅबमधल्या मुलांशी कँटीनमध्ये अर्धा तास बोलायला तिला पाठवा. तुम्ही सोबत जाऊ नका, मुलं मोकळेपणी बोलणार नाहीत.