हानलेला तेजोमेघ टिपायचे आहेत, पण कॅमेरा मॉडिफाय केलेला नाही. यादी कशी ठरवावी?

तुमच्या प्रश्नात दिल्याप्रमाणे सामान असं आहे: २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा कॅनन, १३५ मिमी एफ/२ लेन्स आणि स्टार ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र. ऑक्टोबरच्या अमावस्येच्या सुमारास लडाखमधल्या हानलेत चार रात्री आहेत, आणि यादीत उत्तर अमेरिका, कॅलिफोर्निया, हार्ट असे सगळे लाल तेजोमेघ आहेत. माझा पहिला सल्ला: ही यादी बदला.

लाल तेजोमेघांचा प्रकाश मुख्यतः हायड्रोजन-अल्फाचा, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरचा असतो. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर कंपनीने बसवलेला फिल्टर त्यातला जेमतेम पाव भाग आत सोडतो. लडाखपर्यंत जाऊनही बाकीचा तिथेच अडणार. उलट हेच तेजोमेघ मॉडिफाय केलेला (म्हणजे हा फिल्टर काढलेला) कॅमेरा आणि ड्युअल-बँड फिल्टर असेल तर पुण्या-मुंबईच्या गच्चीवरूनही चांगले निघतात, कारण तो फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा तेवढ्या ठेवून शहराचा बहुतेक उजेड गाळतो. परावर्तित तेजोमेघ आणि धूळ यांच्यासाठी अशी सोय नाही. त्यांचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचाच विखुरलेला प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर लावला की शहराच्या उजेडाबरोबर तोही जातो. त्याला फक्त काळोख लागतो, आणि हानलेत तो आहे. शिवाय हा प्रकाश बराचसा निळा असल्यामुळे तुमचा कॅमेरा आहे तसा पुरेसा आहे. हानलेत कुठलाही फिल्टर लावू नका.

ऑक्टोबरच्या मध्याला साधारण सातला पूर्ण अंधार होतो आणि पहाटे पाचच्या सुमारास उजाडू लागतं. अंधार पडताना वृषपर्वा तारकासमूहातला आयरिस तेजोमेघ, म्हणजे एनजीसी ७०२३, उत्तरेला ५५ अंशांवर असतो. तेजोमेघ स्वतः छोटा, पण भोवती तपकिरी धुळीचे पट्टे काही अंश पसरलेले आहेत, आणि तुमच्या लेन्सची चौकट साधारण ९.४ गुणिले ६.३ अंशांची असल्यामुळे ते सगळे मावतात. अकरापर्यंत तो घ्या. तोवर कृत्तिका पूर्वेला ४० अंशांच्या वर आलेल्या असतात. तिथून पहाटेपर्यंत त्याच. कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं म्हणजे त्यांच्या जन्माच्या वेळचं उरलेलं द्रव्य नव्हे, तर वाटेत भेटलेला धुळीचा ढग. चांगल्या फोटोत हा ढग पुंजक्याच्या बराच बाहेरपर्यंत दिसतो, आणि शहरातून नेमका तोच भाग हरवतो.

दुसऱ्या रात्रीही हेच दोन विषय घ्या. चार रात्रींत दहा विषय टिपले तर दहाही कच्चे राहतात. आयरिसला एकूण किमान पाच-सहा तास आणि कृत्तिकांना आठ तास मिळाले तर धूळ खरोखर दिसू लागते. तिसऱ्या रात्री दीडनंतर मृगातल्या राजन्य ताऱ्याशेजारचा विच हेड, म्हणजे आयसी २११८, घ्या. तोही निळा परावर्तित तेजोमेघच आहे. चौथी रात्र ढगांसाठी राखून ठेवा. तारखा अजून हातात असतील तर अमावस्या आणि तिच्यानंतरच्या तीन रात्री निवडा. तेव्हाची चंद्रकोर संध्याकाळीच मावळते, तर अमावस्येआधीची कोर पहाटे उगवून कृत्तिकांचे शेवटचे तास खाते.

आता ट्रॅकर. पुण्यात ध्रुवतारा १८.५ अंशांवर असतो, हानलेत ३२.८ वर. वेजची, म्हणजे ट्रॅकरखालच्या तिरक्या बैठकीची, अंशांची पट्टी निघण्याआधीच ३३ वर आणून ठेवा. गोठलेल्या बोटांनी ते स्क्रू फिरवणं फार जिकिरीचं होतं. ध्रुव साधून, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे वळवून झाल्यावर कॅमेरा चढवा आणि पोलर स्कोपमधून (ट्रॅकरवरच्या छोट्या दुर्बिणीतून) पुन्हा बघा. वजनाने ट्रायपॉड किंचित बसतो आणि साधलेला ध्रुव सरकतो. किती चूक चालते? ध्रुव १० आर्कमिनिटांनी चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त २.६ आर्कसेकंद घसरतो. तुमच्या जोडीत एक पिक्सेल साधारण ५.७ आर्कसेकंदांचा आहे. म्हणजे दोन मिनिटांत एक पिक्सेल, एवढं खपतं. अर्धा अंश चुकलात तर तीन पिक्सेल, आणि तारे लांबट. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका, वाऱ्यात बुटका ट्रायपॉडच बरा. कृत्तिका रात्री अडीचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतात, तेव्हा कॅमेरा पायाला धडकणार नाही ना, हे सुरुवातीलाच हाताने फिरवून बघा.

लेन्स एफ/२ वर उघडी टाकू नका, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, एफ/२.८ ठेवा. आयएसओ १६००, ९० ते १२० सेकंद, फाइल रॉ. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या कडेपासून स्पष्ट सुटलेला हवा. हानलेचं आकाश इतकं काळं आहे की शहरातल्या सवयीने ३० सेकंदांवर थांबलात तर धुळीचा सिग्नल कॅमेऱ्याच्या रीड नॉइजमध्येच (सेन्सर वाचताना येणाऱ्या गोंगाटात) बुडतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर अर्धी रात्र कॅमेरा स्वतःचेच डार्क, म्हणजे उजेड न घेता काढलेले काळे फोटो, काढत बसेल. फोकस ब्रह्महृदयासारख्या ठळक ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू दहापट करून, शक्यतो बाहतिनोव मास्क (फोकस अचूक दाखवणारी चिरांची चकती) लावून करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. तरी दर तासाला तपासा, कारण तापमान उतरतं तसा फोकसही हलतो.

एक गोष्ट बरेच जण टाळतात आणि घरी आल्यावर पस्तावतात: डिदरिंग, म्हणजे अधूनमधून चौकट मुद्दाम थोडी सरकवणं. ध्रुव थोडा चुकलेला असला की सगळ्या फ्रेम एकाच दिशेने हळूहळू सरकत जातात, आणि त्या रचल्यावर सेन्सरचा ठरलेला नॉइज तिरक्या रेघोट्यांसारखा उमटतो. फिकट धुळीवर त्या रेघोट्या काही केल्या जात नाहीत. दर दहा फ्रेमनंतर ट्रॅकरचं बटण क्षणभर दाबून चौकट दहा-वीस पिक्सेल सरकवा, कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला.

रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि कॅमेऱ्याची बॅटरी निम्म्या वेळातच मान टाकते. डमी बॅटरी लावून पॉवर बँकेवर कॅमेरा चालवा, आणि ती पॉवर बँक लोकरी टोपीत गुंडाळून ठेवा. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवरची पॉवर बँक विमानात चालते, पण केबिन बॅगेतच. हवा कोरडी असली तरी लेन्सवर पहाटे हिमकण धरतात, म्हणून यूएसबीवरचा हीटर पट्टा पहिल्यापासूनच चालू असू दे. हानले गाव ४,२०० मीटरच्या वर आहे. लेहला किमान दोन रात्री काढल्याशिवाय वर जाऊ नका. त्या उंचीवर डोकंही मंद चालतं, म्हणून ही सगळी जुळवाजुळव घरच्या गच्चीवर अंधारात हाताला बसलेली असावी. वेधशाळेमुळे हा परिसर २०२२ पासून डार्क स्काय रिझर्व्ह आहे. टॉर्च लालच, गाडीचे दिवे बंद, आणि हिरवा लेझर घरीच ठेवा.

फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो, चुकवू नका. धूळ आणि मोकळं आकाश यांच्यातला फरक लेन्सच्या कडेच्या काळोखीपेक्षा कितीतरी लहान असतो, त्यामुळे फ्लॅट नसतील तर धूळ कुठली आणि लेन्सचा दोष कुठला, हे कळतच नाही. पहाटे लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून, फोकस आणि अ‍ॅपर्चर न हलवता, ३० फ्रेम घ्या. डार्क तिथल्याच थंडीत, टोपण लावून, २० ते ३०. बायस, म्हणजे टोपण लावून सर्वात कमी वेळेचे फोटो, ५०.

घरी सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅकिंग कराल, म्हणजे फ्रेम एकावर एक रचाल, तेव्हा बॅकग्राउंड काढताना जपा. हानलेत शहराचा उजेड नाही, पण एअरग्लोचे, म्हणजे वातावरणाच्या स्वतःच्या फिकट उजेडाचे, हिरवट-लालसर पट्टे असतात, ते काढावेच लागतात. मात्र ऑटोमॅटिकवर सोडलंत तर सॉफ्टवेअर धुळीलाच बॅकग्राउंड समजून पुसून टाकतं. पहिल्या घाताचा पॉलिनॉमियल घ्या, नमुन्याचे ठिपके मोजकेच ठेवा आणि धूळ नाही अशा जागी स्वतः टाका. अशा जागा कुठे आहेत हे आधी त्याच भागाचा एखादा खोल फोटो शेजारी उघडून बघून ठरवा; कृत्तिकांच्या चौकटीत त्या फार थोड्या सापडतात.