पिठाविना वॉफल : चीज कोणते आणि झाकण कधी उघडावे?

प्रश्न : माझ्या मुलाने धान्य, डाळी आणि साखर पूर्ण सोडून अंडी, चिकन, मासे, चीज आणि तूप एवढ्यावरच आहार आणला आहे. त्याला न्याहारीला वॉफल हवे असतात. बदामाचे किंवा नारळाचे पीठही त्याला चालत नाही. अंडे आणि किसलेले प्रोसेस्ड चीज एकत्र करून मशीनमध्ये घातले, तर ते जाळ्यांना चिकटते आणि निघाले तरी मऊ ऑम्लेटसारखे लागते. चीजऐवजी पनीर घालावे का?

उत्तर : तुम्ही करीत आहात तो प्रकार अमेरिकेत कीटो आहार (पिष्टमय पदार्थ अगदी कमी, स्निग्ध पदार्थ जास्त) घेणाऱ्यांमध्ये २०१९च्या सुमारास ‘चॅफल’ या नावाने पसरला, आणि त्याचे मूळ प्रमाण अगदी साधे आहे : एक अंडे आणि साधारण ५० ग्रॅम किसलेले मोझरेला. नेहमीच्या वॉफलमध्ये मैद्यातील स्टार्च आणि ग्लूटेन (गव्हातील चिकट प्रथिन) जे काम करतात, ते येथे दोघांत वाटलेले असते. अंडे गोठून आकार धरते, आणि वितळलेले चीज गरम जाळ्यांवर पसरून, त्यातील पाणी उडून गेल्यावर तांबूस, कुरकुरीत पापुद्रा होते. म्हणून चीज कोणते, यावर निम्म्याहून अधिक यश अवलंबून आहे.

प्रोसेस्ड चीज एकजीव वितळावे यासाठी त्यात विशिष्ट क्षार घातलेले असतात. ते सँडविचमध्ये उत्तम, पण तापल्यावर गुळगुळीत होऊन मऊच राहते आणि त्याचा पापुद्रा नीट धरत नाही. तुमचे वॉफल ऑम्लेटसारखे लागण्याचे मुख्य कारण हेच असावे. पनीर घालण्याचा सल्ला मी देणार नाही. पनीर गरम दुधात आम्ल घालून केलेले असते आणि त्यातील प्रथिनांची जाळी उष्णतेने सैल होत नाही, त्यामुळे ते वितळत नाही. अंड्यासोबत वाटून घेतले तर पोटभरीचे, मऊ धिरडे होईल, पण कुरकुरीतपणा येणार नाही. कमी ओलाव्याचे मोझरेला किंवा चेडार वापरावे, आणि ते तुकडा आणून घरीच किसावे. पाकिटातील किसलेल्या चीजला ते एकमेकांस चिकटू नये म्हणून पुष्कळदा स्टार्च लावलेला असतो. ज्याने बदामाचे पीठही वर्ज्य केले आहे, त्याने पाकिटावरील घटकांची यादी वाचलेली बरी. बेकिंग पावडरमध्येही सहसा स्टार्च असतो आणि येथे तिची गरजही नाही. हलकेपणा हवा असेल तर अंड्याचे पांढरे वेगळे करून फेसाळ होईपर्यंत फेटावे आणि बलक, चीज त्यात हलक्या हाताने मिसळावे. अंड्याचा वास नकोसा वाटत असेल, तर बलक बाजूला ठेवून दोन अंड्यांचे केवळ पांढरे घ्यावे. वॉफल अधिक कुरकुरीतही होतात.

आता चिकटण्याविषयी. मशीन पूर्ण तापल्याखेरीज मिश्रण घालू नये. जाळ्यांना ब्रशने तुपाचा पातळ हात द्यावा. लोण्यातील दुधाचा अंश लवकर करपतो, तुपात तो नसल्यामुळे ते जास्त उष्णता सोसते. खालच्या जाळीवर आधी चमचाभर चीज भुरभुरावे, ते वितळून बुडबुडे येऊ लागले की मिश्रण ओतावे, वर पुन्हा थोडे चीज घालून झाकण लावावे. त्यानंतर चार-पाच मिनिटे हात आवरावा, कारण वाफ जोरात येत असताना झाकण उघडले तर अर्धे वॉफल वरच्या जाळीला आणि अर्धे खालच्या जाळीला राहते. वाफ जवळजवळ थांबणे हीच तयार झाल्याची खूण. मशीनवरील हिरवा दिवा मैद्याच्या मिश्रणाच्या हिशेबाने लागतो, त्याच्यावर फार विसंबू नये. बाहेर काढल्यावर ताटलीत न ठेवता तारेच्या जाळीवर दोन मिनिटे ठेवावे, नाहीतर स्वतःच्याच वाफेने ते पुन्हा मऊ पडते.

चीजमध्ये मीठ असतेच, तेव्हा वेगळे मीठ चाखूनच घालावे. उकडून बारीक तोडलेले चिकन मूठभर मिसळले तर वॉफल जेवणाइतके भरीव होते, आणि माझ्या मते या आहारातील वॉफलची खरी चव खारटच आहे. गोडाची हौस भागवायला दुधाची पावडर किंवा खवा घालण्याचा मोह होतो, पण पावडरमध्ये दुधातली साखर साधारण ३८ ते ५० टक्के असते, म्हणजे पीठ टाळून जे मिळवले ते तेथेच जाते. साध्या कृतीत एका अंड्यामागे पिष्टमय पदार्थ सहसा दोन ग्रॅमच्या आत राहतात आणि प्रथिने १७-१८ ग्रॅम मिळतात. तंतू मात्र शून्य.

प्रश्न : मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. असे वॉफल मी रोज न्याहारीला घेऊ शकते का?

उत्तर : पोळी-पोह्यांऐवजी एखाद्या दिवशी असे वॉफल खाणे आणि संपूर्ण आहारातूनच धान्य काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी करायची असेल तर आधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना पिष्टमय पदार्थ एकाएकी कमी केले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि मात्रा बदलावी लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेत असाल तर अधिकच जपावे, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ल द्रव्ये) साचून रक्ताची अम्लता वाढण्याचा धोका अशा आहारात संभवतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास एवढ्या प्रथिनांविषयी आणि चीजमधील मिठाविषयीही विचारावे. काहींचे एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल या आहाराने बरेच वाढते, म्हणून सुरुवातीला आणि दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : वॉफलचे मशीन नसेल तर?

उत्तर : खाचांच्या प्लेटचा सँडविच टोस्टर चालतो, मिश्रण मात्र पातळ थरात घालावे. तेही नसेल तर बिडाच्या तव्यावर तूप लावून, खाली-वर चीजचा थर देऊन, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावे. जाळीचे चौकोन मिळणार नाहीत, कुरकुरीतपणा मिळेल. उरलेले फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. परत गरम करताना मायक्रोवेव्ह टाळून टोस्टर किंवा तवाच वापरावा.