‘तुमचा नंबर लागलाय, दोघांनी यायचं हं!’

मे महिन्याची सुट्टी संपली की माझ्याकडे सहली-हॉटेलांबद्दलच्या पत्रांचा गठ्ठा येतो. निम्मी पत्रं तीच असतात, फक्त गावाचं नाव बदलतं. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देते.

‘फक्त 1 खोली शिल्लक’ आणि ‘आत्ता 14 जण हे हॉटेल पाहताहेत’, हे खरं असतं का?

पहिलं वाक्य अर्धं खरं असू शकतं. त्या साइटच्या वाट्याची एकच खोली उरलेली असते, हॉटेलात मात्र वीस रिकाम्या. ‘शेवटची खोली’ म्हणजे आमच्या साइटवरची शेवटची, हे स्पष्ट लिहू, असं युरोपीय आयोगाने 2019 मध्ये बुकिंग डॉट कॉमकडून कबूल करून घेतलं. आणि ते 14 जण कोणत्या तारखांसाठी पाहताहेत, हे कुठे लिहिलंय? आपल्याकडेही नोव्हेंबर 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’विषयीच्या (ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत अशा खोट्या घाईला मनाई आहे. हॉटेलला थेट फोन लावा.

इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) शोधलं तर विमानाचं तिकीट स्वस्त पडतं म्हणे?

‘म्हणे’वर तिकिटं काढत नाहीत. भाव उरलेल्या जागा आणि उरलेले दिवस पाहून हलतो.

बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. द्यावाच लागतो का?

नाही. काढायला सांगा, नाही काढला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ‘सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही’ हा नियम उचलून धरला आहे.

मॉलमध्ये कूपन भरलं होतं. ‘तीन दिवसांची मोफत सहल लागली, नवरा-बायको दोघांनी या,’ असा फोन आला. तिथे हॉलिडे मेंबरशिप घेतली, कार्डावर दीड लाख भरले. आता हवी ती तारीख कधीच मिळत नाही. सव्वा वर्ष झालं.

सव्वा वर्ष! इतके दिवस कशाची वाट पाहत होता?

अशा एका कार्यक्रमाला मी स्वतः बसले आहे. गोल टेबलं, मोठ्याने गाणी, पोरांना कोपऱ्यात चित्रं रंगवायला कागद. समोरचा मुलगा पहिला अर्धा तास काहीच विकत नाही. ‘काका, मागची सुट्टी कुठे घालवलीत? काकूंना डोंगर आवडतो की समुद्र? घरच्यांना वेळ द्यायला हवा ना?’ आपण मान डोलावत जातो. छोट्या गोष्टीला हो म्हटलेला माणूस मोठ्या गोष्टीलाही हो म्हणायला लवकर तयार होतो, हे 1966 च्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात दिसलं होतं. या मुलांना ते पाठ असतं. मग तो कागदावर साडेतीन लाख लिहितो, काट मारतो आणि खाली दीड लिहितो. साडेतीन लाख कुणी दिले होते, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर टाळ्या: ‘अमुक फॅमिलीचं अभिनंदन!’ आणि ऑफर अर्थातच आजच्यापुरती. दोघांना का बोलावतात? ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायची सोयच राहू नये म्हणून. मी ‘कराराचा मसुदा द्या, घरी वाचते’ म्हटलं, तर चहासुद्धा आला नाही.

आता ऐका. करारातली रद्द करण्याची आणि वार्षिक देखभाल शुल्काची कलमं वाचा. नाकारलेल्या तारखांचे मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं छापून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. तुमची दोन वर्षं नेमकी कोणत्या तारखेपासून धरायची, हे कागद बघूनच ठरेल. त्यामुळे ‘मॅनेजर पुढच्या आठवड्यात फोन करतील’ हे पुरे झालं. याच आठवड्यात फाइल घेऊन ग्राहक पंचायत किंवा वकील गाठा.

गुहागरजवळ आमचा चार खोल्यांचा होम-स्टे आहे, किनारा खाली उतरून दहा मिनिटं. जाहिरातीत ‘लक्झरी’, ‘बीच टच’ लिहा असं डिझाइनवाला म्हणतो.

दहा मिनिटं उतरायचं तर ‘टच’ कसला? पाहुणा मोजपट्टी तुमच्या जाहिरातीतूनच घेऊन येतो. ‘लक्झरी’ म्हणालात की तो टॉवेलचा पोत बघणार, ‘घरचं’ म्हणालात की आमटीची चव. साधं लिहा: ‘चार खोल्या, त्यातल्या इतक्याच एसी. किनारा पायी दहा मिनिटं, येताना चढ. वीज गेली तर पंखे चालतात, एसी नाही. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा.’ एसीचा आकडा आणि विजेची खरी स्थिती तुम्ही भरा. चढ वाचून गुडघेदुखीवाले येणार नाहीत, ते बरंच. आले असते तर एकच तारा देऊन गेले असते. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत, तेही ठळक छापा, आणि तेवढा भाग छपाईआधी वकिलाला दाखवा. डिझाइनवाल्याला नव्हे.